नातवाचं नाव मी दिलं

मी चौथीपर्यंत शिकले. इंजिनिअरिंग कॉलेजात काय शिकवतात ते मला सांगता येणार नाही. पण समोरचा माणूस आदराने उभा आहे की भीतीने, एवढं मला कळतं. त्या वर्षी आमच्या घरात ते माझ्याशिवाय कोणाला कळलं नाही.

नातू तेव्हा तिसऱ्या वर्षाला होता. कॉलेज गोखिवऱ्याच्या बाजूला, आमचं घर वसईच्या पश्चिमेला, वाडीत. तो मोटरसायकलने जाऊन-येऊन करायचा. एका रविवारी चर्चमधला मिस्सा आटपून आम्ही परत आलो, तर ओट्यावर एक मुलगा उभा. एका हातात नातवाचं हेल्मेट, दुसऱ्या हातात नातवाची बॅग. नातू आत चहा पीत बसला होता. मी त्या मुलाला म्हटलं, बस. तो बसला नाही. दारातून आत नातवाकडे बघितलं, नातवाने मान हलवली, मग बसला. तोही खुर्चीच्या कडेवर.

नातू म्हणाला, हा पहिल्या वर्षाचा, हॉस्टेलला राहतो, साताऱ्याकडचा आहे, ड्रॉइंग चांगलं काढतो. दिवसभर तो मुलगा आमच्या जेवणाच्या टेबलावर नातवाची ड्रॉइंग काढत होता आणि नातू मोबाइल बघत होता. जेवायला वाढलं तर नातवाने पहिला घास घेईपर्यंत याने ताटाला हात लावला नाही. नातवाला तो ‘सर’ म्हणायचा. आणि मान खाली. नुसती खाली नाही, स्वतःच्या शर्टाच्या एका ठरावीक बटणावर नजर. मी मुद्दाम समोर जाऊन विचारलं, घरी कोण कोण असतं. त्याने बटणाला उत्तर दिलं, आई, वडील आणि बहीण.

सुनेला तो फार आवडला. म्हणाली, “आई, बघा, याला म्हणतात संस्कार. नाहीतर आपला.” माझा मुलगाही हो म्हणाला. दुष्काळी भागातली मुलं अशीच असतात, कष्टाळू. दोघांनी मिळून त्याला आणखी एक मासा वाढला. त्याने तो खाल्ला नाही, कारण नातवाने ‘खा’ म्हटलं नव्हतं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वर्षभर अशीच उभी राहायचे. सासू बसली असेल तर मी बसायचं नाही, ती जेवल्याशिवाय जेवायचं नाही, बोलली तर तिच्या पायांकडे बघायचं. माझी सासू काही दुष्ट नव्हती. तिच्या सासूने तिला तसंच उभं केलं होतं, म्हणून तिने मला केलं. बायका माझ्या आईला म्हणायच्या, मुलगी किती वळणाची आहे. मी वळणाची नव्हते. मला भीती वाटायची आणि रात्री पाय दुखायचे. पुढे मला सून आली तेव्हा मी तिला उभं केलं नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही. ती बँकेत नोकरीला होती, सकाळी लवकर घर सोडायची. उभी करायला ती सापडायचीच नाही.

तर तो मुलगा तीन-चार रविवार आला. मी नातवाला एकदा विचारलं, हा तुझ्याएवढाच दिसतो, मग तुला सर का म्हणतो? तो हसला. “रिस्पेक्ट असतो आजी, सीनियरला.”

मी म्हटलं, “रिस्पेक्ट तू मागितलास की त्याने दिला?”

“तू पण ना,” म्हणाला आणि उठून गेला.

मग एका बुधवारी नातवाने बापाकडे वाडीची चावी मागितली. आमची मोठी वाडी घरापासून थोडी लांब आहे. तिथे केळी, नारळ, थोडी फुलझाडं आणि मधोमध बावखल. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला खोदलेलं तळं. जुन्या लोकांनी खोदलेलं, आम्ही ते बुजवलं नाही. नातू म्हणाला, शनिवारी संध्याकाळी मित्रांचा छोटा कार्यक्रम आहे, नवीन मुलांचं स्वागत. बाप म्हणाला, कचरा करू नका. झालं.

दुसऱ्या दिवशी नातवाने त्या मुलाला वाडी साफ करायला पाठवलं. मी तिथे नारळाच्या झावळ्या गोळा करत होते. तो एकटा झाडू मारत होता. झाडता झाडता बावखलाशी आला की थांबायचा, पाण्याकडे बघायचा, मागे सरकायचा. मी विचारलं, पोहता येतं का?

त्याने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाला, “आमच्याकडे एवढं पाणी नसतं, आजी.”

“मग बघतोस काय?”

तो झाडूच्या काड्या नीट करायला लागला. मी त्याला पायरीवर बसवलं आणि मीही बसले. मला घाई नव्हती. बऱ्याच वेळाने बोलला, आणि बोलायला लागल्यावर सगळं बोलला. पहिल्या वर्षाच्या मुलांनी शनिवारी हात मागे बांधून बावखलात उतरायचं, गळ्यापर्यंत. तिथून एकेकाने आपलं नाव, गाव आणि सीनियर लोकांनी शिकवलेल्या शिव्या मोठ्याने म्हणायच्या. दुसरे मोबाइलवर व्हिडिओ काढणार. एकाने पोहता येत नाही असं सांगितलं होतं. तो हाच होता. “ते म्हणाले, मग पहिला नंबर तुझा.”

आदल्या उन्हाळ्यात माझ्या मुलाने बावखलातला गाळ काढायला मशीन लावलं होतं. नातू तेव्हा परीक्षेत होता, वाडीत फिरकलाही नव्हता. लहानपणी तो याच पाण्यात कमरेएवढा उभा राहून खेळायचा. त्याला वाटत होतं अजून तेवढंच आहे. पण चार पायऱ्यांनंतर आता तळ नव्हता. म्हणजे होता, पण खोल खाली आणि चिकट. हात बांधलेला, पोहता न येणारा मुलगा तिथे उतरला तर वर येणार नव्हता.

मी त्याला म्हटलं, तू येऊ नकोस. तो म्हणाला, नाही आलो तर हॉस्टेलमध्ये धरतील. मी म्हटलं, मग कॉलेजात सांग. तर त्याचा चेहराच उतरला. “माझं नाव नको, आजी. नाव कळलं तर मला तिथे राहता येणार नाही. घरी गेलो तर परत पाठवणार नाहीत.”

मी त्याला शब्द दिला की नाव येणार नाही.

संध्याकाळी मी माझ्या मुलाला सांगितलं. त्या मुलाचं नाव घेतलं नाही, माझ्या कानावर आलंय एवढंच म्हटलं. माझा मुलगा आमच्या लोकांच्या सवयीने म्हणाला, रविवारी मिस्सानंतर फादरना भेटू, ते त्याला समजावतील, बाहेर बोभाटा नको. आमच्या गावात भांडणं अशीच मिटतात, बांधाची असोत की नवराबायकोची. पण रविवार शनिवारनंतर येतो, हे मला त्याला सांगावं लागलं. सून म्हणाली, मुलं मस्करी करतात, तुम्ही पराचा कावळा करता. कॉलेजात नाव गेलं तर पुढच्या वर्षी कंपन्या येतात तेव्हा याला कोण घेईल? ते तिचं खरं होतं. मला नातवाची काळजी नव्हती असं नाही.

मग मी नातवालाच विचारलं. तो चिडला नाही. मला समजावायला लागला. “आजी, हे रॅगिंग नाही. इंट्रो असतो. आमचाही झाला होता. त्यानेच मुलं घट्ट मित्र होतात.”

पहिल्या वर्षाला असताना हा एक भुवई भादरून घरी आला होता. पैज हरलो म्हणाला होता. त्याच्या आईने महिनाभर रोज सकाळी काजळाने भुवई काढून दिली. मी त्याला त्या भुवईची आठवण करून दिली. त्याचा हात आपोआप भुवईकडे गेला आणि मग त्याने तो खाली घेतला. म्हणाला, “ते वेगळं होतं.”

वाडीला मी दुसरं कुलूप घालू शकले असते. पण आमच्याकडे पाण्याला तोटा नाही. वाडी नाही मिळाली तर समुद्र होता.

शुक्रवारी सून कामावर गेल्यावर मी रिक्षा केली आणि कॉलेजात गेले. वॉचमन म्हणाला, ॲडमिशनचं काम दुसऱ्या गेटला. मी म्हटलं, माझं वय बघ. त्याने आत सोडलं. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, प्राचार्य मीटिंगमध्ये आहेत, तक्रार ऑनलाइन करायची असते. त्याच्या डोक्यावर भिंतीवर फलक होता, रॅगिंग हा गुन्हा आहे, खाली फोन नंबर. अर्धा फलक कपाटाने झाकलेला, पण नंबर दिसत होता. मी चष्मा लावला, मोबाइल काढला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत दाबायला लागले. क्लार्क उठला आणि आतून एका मॅडमना घेऊन आला. रॅगिंगची समिती त्यांच्याकडे होती.

त्यांनी मला खोलीत बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. शेवटी नातवाचं नाव सांगितलं. त्यांचं पेन थांबलं.

“हा तुमचा कोण?”

“मुलाचा मुलगा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, मी त्याला बोलावून समज देते, लेखी नको, लेखी झालं की मला पुढे कारवाई करावीच लागते, त्याचं नुकसान होईल. मी म्हटलं, म्हणूनच लेखी हवं. समज तर मी पण दिली होती. मग त्यांनी विचारलं, “हे तुम्हाला कोणत्या मुलाने सांगितलं?”

याचीच मला भीती होती. खोटं बोलायचं नव्हतं आणि शब्दही मोडायचा नव्हता.

“वाडी माझी, पाणी माझं, नातू माझा. त्या मुलांना विचारायचंच असेल तर सगळ्यांना विचारा. एकेकट्याला, दार लावून. आणि सगळ्यांना सारखाच वेळ आत ठेवा. म्हणजे कोण बोललं ते बाहेर बसलेल्यांना कळणार नाही.”

त्यांनी मान हलवली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी माझ्या हाताने लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण नाव नीट आलं.

त्या दिवशी जेवताना नातू म्हणाला, “आजी, चावी खिळ्यावर नाही.” मी म्हटलं, माझ्याकडे आहे. आणि कॉलेजात जाऊन आले, तुझं नाव दिलंय. उद्या तुझ्या आईबापाला घेऊन बोलावतील.

सुनेच्या हातातला डाव भातातच राहिला. म्हणाली, आम्हाला विचारलं नाही. मी म्हटलं, काल विचारलं होतं, रविवारी बघू असं उत्तर मिळालं. माझा मुलगा भात कालवत राहिला. नातू मात्र माझ्याकडे बघत राहिला. नंतर अगदी हळू विचारलं, “कोणी सांगितलं तुला? त्या साताऱ्याच्याने?”

त्याचा आवाज मी ओळखला नाही. ओटीवर वाढलेलं माझं पोर होतं ते, आणि आता त्या आवाजात एका मुलाची हाडं मोडायची तयारी होती. मी घास चावून गिळला, पाणी प्यायले.

“नाही,” म्हटलं. “तो तर मान वर करत नाही, तो काय सांगणार?”

हे मात्र सरळ खोटं होतं. पुढच्या कन्फेशनला मी ते फादरना सांगितलंही नाही.

त्याने आणखी बराच वेळ माझा चेहरा तपासला. मग ताट सरकवून उठला.

शनिवारी पहिल्या वर्षाच्या मुलांना हॉस्टेलबाहेर सोडलं नाही. मॅडमनी सगळ्यांना एकेक करून आत घेतलं. आधी कोणी बोलत नव्हतं, मग कोणीतरी बोललं, मग बरेच बोलले. त्या गर्दीत त्या मुलाचं बोलणं मिसळून गेलं. नातवाला आणि आणखी दोघांना त्या सत्रापुरतं काढलं, परीक्षेला बसू दिलं नाही. सुनेने माझ्याशी बोलणं सोडलं. चहा द्यायची, कप टेबलावर जरा जोरात ठेवायची. मी उत्तर म्हणून तोंड वाकडं केलं नाही, चहा चांगला असायचा.

तो मुलगा पुन्हा आमच्या घरी आला नाही. मला ते बरंच वाटलं. एकदा वसईच्या बसस्टॉपवर दिसला, दोन मित्रांबरोबर, मान वर करून कशाला तरी हसत. त्याने मला बघितलं. ओळखलं आणि पटकन दुसरीकडे वळला. शहाणा आहे.

नातू घरीच होता. दिवसभर मोबाइल, नाहीतर झोप. पाऊस संपल्यावर बापाने त्याला वाडीत पंप बघायला पाठवलं, पाणी ओढत नव्हता. मी मागच्या दारी भाजी निवडत होते. तो परत आला तेव्हा खांद्यावर वाडीतला लांब बांबू होता. पाइपचं तोंड गाळात रुतलंय का बघायला त्याने तो बावखलात घातला असणार. बांबू त्याने माझ्यासमोर भिंतीला टेकवून उभा केला आणि शेजारी उभा राहिला. बांबूवरची ओल त्याच्या डोक्याच्या वर हातभर गेली होती. खाली दोन वीत काळा चिखल.

तो ओलीच्या रेषेकडे बघत होता. मग स्वतःच्या खांद्याकडे, मग परत रेषेकडे.

“मला वाटलं कमरेएवढंच आहे,” म्हणाला.

मी म्हटलं, “हात धुऊन ये. भात निवतोय.”