जंतूबाईंच्या बाटल्या

सकाळी चहाच्या आधी बाई फ्रिज उघडायच्या नि आत वाकून म्हणायच्या, "आहात ना रे सगळे?" पहिल्यांदा ऐकलं तवा मी अंगण झाडत व्हतो. वाटलं, मलाच इचारतायत. म्हणलं, "हाय बाई, पण एकटाच हाय." बाई हसल्या नि आत बोलवून दाखवलं. फ्रिजात भाजी नाय, दूध नाय, निस्त्या बोटाएवढ्या बाटल्या दाटीनं उभ्या. आत जंतू. मी हात पाठीमागं घेतले नि घरी जाऊन साबण लावून आंघोळ केली. बायको म्हणाली, जंतूंनी का व्हईना, तुला आंघोळ तर घातली.

गावानं त्यांना जंतूबाई नाव ठेवलं. सगळी उमर मुंबईला प्रयोगशाळेत गेली. लग्न नाय, पोर नाय. रिटायर झाल्यावर आमच्या चौक गावाच्या पुढं लहानसं घर घेतलं. मी रिक्षावाला, वर बाईंची झाडलोट नि बाजार बघायचो. शाळेत मी एकदाच गेलोय, तेबी कौलं फिरवायला. बाई सांगायच्या त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरनं जायचं. तरी त्या सांगायच्या. ऐकायला दुसरं कोण व्हतं?

पावसाआधी आमी राब भाजतो. शेण, टहाळ, पाला पसरून जमीन जाळायची, मंग त्यात भाताचं बी टाकायचं. बाईंनी तरुणपणी जवळच्या लोधिवली गावच्या असल्याच राबातनं चिमूटभर माती नेली व्हती. एवढी भाजलेली माती, तरी त्यात एक जंतू जिता सापडला. त्याचीच पिलावळ त्या बाटल्यांत. तो कसा तगला, आईबापाकडनं कुठले गुण घेऊन आला नि दुसऱ्या जंतूकडनं कुठले, हेच बघण्यात बाईंचं आयुष्य गेलं.

"त्यांचं आपल्यासारखं नाही रे," त्या म्हणायच्या. "आपण द्यायचं ते पोरांना देतो. हे शेजाऱ्यालाही देतात."

मी म्हणलं, बाई, माझा शेजारी बांधावरचं गवत देत नाय. बाई लई हसल्या.

पुढं त्यांचे गुडघे गेले. पुण्याचा भाचा न्यायला तयार व्हता, पण जंतू नको म्हणाला. बाटल्या कोणाच्या तरी हातात सोपवायच्या, एवढाच बाईंना घोर व्हता. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक साहेब मुंबईत मोठा झालेला. तो रविवारी येतो म्हणाला. बाईंनी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून ठेवला नि मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावून चौकच्या नाक्यावर पाठवलं. मी दिसंल त्या चष्मेवाल्याला इचारत सुटलो, "जंतू न्यायला आलात का?" एकानं नाकाला रुमाल लावला नि रस्ता ओलांडून पळाला. दुपार कलली, साहेब काय आला नाय.

परत आलो तर बाई फोन मांडीवर घेऊन बसलेल्या. साहेब फोनवरच बोलला व्हता. या जंतूंच्या अंगात काय काय हाय ते सगळं वाचून झालंय, कॉम्प्युटरात हाय, आता जिते ठेवायला जागा नाय.

"चुकीचं नाही बोलला," बाई म्हणाल्या.

मी म्हणलं, मी नेतो, आमच्या फ्रिजात बोंबलाशेजारी ठेवतो.

"भरल्या घरात ठेवायचे नसतात रे. आणि मधून मधून त्यांना नवं अन्न घालावं लागतं. तुला जमेल?"

मी नखातलं काळं ऑईल बघत बसलो.

निघायच्या आदल्या दिवशी गेलो तर गॅसवर मोठा कुकर. मला भूक लागलेली. म्हणलं, "बाई, आज मटण वाटतं. मी थांबतो." बघतो तर फ्रिज उघडा नि आत रिकामं. जिते जंतू असेच फेकायचे नसतात, दाबाच्या वाफेत मारूनच टाकायचे, हा त्यांच्या कामाचा नेम. मला माझ्या मटणाच्या तोंडाची लाज वाटली. बाई घड्याळाकडं बघत उभ्या व्हत्या. वेळ झाली, तरी त्यांचा हात पुढं व्हईना.

"तू बंद कर रे."

मी गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी भाचा पुण्याच्या वाटेवरच्या शिळफाट्यावर गाडी घेऊन थांबणार व्हता. तिथवर बाईंना मी रिक्षानं नेलं. पिशवी एकच, ती माझ्या पायाशी. आरशात बघितलं तर बाईंना हात कुठं ठेवावेत ते कळेना. मांडीवर, सीटवर, परत मांडीवर.

म्हणलं, "बाई, खड्डे हायत. दांडी धरा."

त्यांनी धरली. पुढं रस्ता चांगला लागला, तरी शिळफाट्यापर्यंत त्यांनी ती सोडली नाय.