आधी सोपा

आमच्या घरात त्या वर्षी एकाच खोलीचं काम काढण्याइतकी ऐपत होती, आणि ती खोली कुठली यावरून आईचं आणि आबांचं बिनसलं होतं. भांडण म्हणवत नाही, कारण बोलायचे ते फक्त आबा. आई चुलीपुढं बसून फुंकणी फुंकायची, आणि आबांचं वाक्य रंगात आलं की नेमका त्याच वेळी जास्त धूर करायची. ते ती मुद्दाम करायची असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

घर मंगळवार पेठेत. पुढं सोपा, म्हणजे दारातून आत आल्यावर पुरुषमाणसं बसतात ती खोली. मग माजघर, मग चुलीची खोली आणि शेवटी परडं, म्हणजे मागचं अंगण. परड्याच्या भिंतीला मागच्या बोळात उघडणारं एक दार होतं. पाणी, सरपण, शेण, सगळं त्या दारानं यायचं आणि आईही त्याच दारानं यायची-जायची.

चुलीच्या खोलीची एक भिंत पोट सुटल्यासारखी पुढं आली होती. पावसाळ्यात आढ्यावरची काजळी पाण्याबरोबर ठिबकायची आणि परातीतल्या पिठात काळे डाग पडायचे. आई तेवढं पीठ चिमटीनं काढून टाकायची आणि पुढं थापायला लागायची. धूर जायला वाट नव्हती. आईचे डोळे मी पांढरे असे कधी पाहिलेच नाहीत.

पण आबा दरबारच्या कचेरीत कारकून झाले होते. आमच्या घराण्यात कचेरीची पायरी चढलेला हा पहिला माणूस. महाराजांच्या राज्यात आमच्यासारख्यांना तिथं जागा मिळू लागली होती आणि त्याचा आबांना इतका अभिमान होता, की घरी परत आल्यावरही ते बराच वेळ कोट काढायचे नाहीत. शिवाय माझं लग्न ठरवायचं होतं. कागलकडच्या एका पाटील घराण्यातून विचारणा आली होती. मोठं घर, वतन, दाराशी घोडी. आबांची झोप उडाली.

"लोक बगत्यात सोपा," आबा म्हणाले. "चूल बघाय कोण येतंय?"

आई पहिल्यांदा बोलली. "मी बगते की रोज."

"तू घरातलीच हाईस."

झालं. आधी सोपा असं ठरलं. शहाबादी फरशी आली, भिंतींना पिवळा रंग आला, दोन खुर्च्या आल्या. फरशीवर सकाळचं ऊन पडलं की ती चमकायची आणि मला तिच्यावरून चालताना आपण दुसऱ्या कुणाच्या तरी घरात आलोय असं वाटायचं. मला आवडलं होतं ते. उगाच नाही कशाला म्हणू? मी मैत्रिणींना बोलावून बोलावून फरशी दाखवली, आणि चुलीकडं त्यांना जाऊ दिलं नाही.

आता आबांनी काय केलं होतं ते सांगते. पाटलांचा मध्यस्थ आला तेव्हा त्यानं सहज विचारलं, "तुमच्यात गोषा हाय न्हवं?" गोषा म्हणजे घरंदाज बायकांनी परक्या पुरुषापुढं यायचं नाही, बाहेर जायचं तर पडद्याच्या गाडीतून. आमच्यात कुठला गोषा! आई रोज चौकातल्या हौदावरून दोन घागरी डोक्यावर घेऊन भर पेठेतून यायची. पण त्या पाटलांकडं कडक गोषा होता, आणि आबा नव्या खुर्चीवर बसलेले होते. ते म्हणाले, "हाय की. आजापणजापास्नं हाय."

आई दाराआड उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आम्हा दोघींना हसू आलं. ते त्या प्रकरणातलं शेवटचं हसू.

पाहुणे यायचा दिवस ठरला. मुलाची आई स्वतः मुलगी बघायला येणार असा निरोप होता. आबांनी सोप्यावर जाजम अंथरलं, पानाचं तबक मांडलं. मला माजघरात नटवून बसवलं. आईनं सगळं रांधून ठेवलं. पाहुणे पुढच्या दारी आले, की आबा त्यांना बसवून घेतील, तेवढ्यात हातपाय धुऊन ठेवणीतलं लुगडं नेसता येईल असा तिचा हिशेब होता. तोवर तिनं परड्यात शेणी थापायला घेतल्या. सकाळी आणलेलं शेण वाळून जाईल म्हणून. पाहुणे येणार म्हणून शेण वाया घालवणाऱ्यातली ती नव्हती.

आणि बोळातलं दार वाजलं.

गोषातल्या बायका पुढच्या दारानं येत नाहीत. पुढं पुरुष बसलेले असतात. त्यांची पडद्याची गाडी मागच्या बोळात उभी राहते आणि त्या परड्यातून आत येतात. हे गोषाच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं. आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण आम्ही गोषातले नव्हतो. पाटलीणबाई आपल्या समजुतीनं आमचा मान राखूनच मागं आल्या होत्या.

मी माजघराच्या दारातून सगळं बघत होते. भारी शालूतली एक बाई आणि तिच्यामागं तिची सून अशा दोघी शेणींमधून पाय उचलत आल्या. आई कोपरापर्यंत शेणानं भरलेली, लुगडं वर खोचलेलं, डोळे लाल.

"बाई," पाटलीणबाई तिला म्हणाल्या, "मालकिणीस्नी सांगा, पावणं आल्यात."

आईनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी दाराआड सरकले. मला वाटलं, भुईनं आता पोटात घ्यावं. मग आई म्हणाली, "सांगते जी." तिनं घाईघाईनं हात बुचकळले, तांब्या आणला आणि खाली वाकून दोघींच्या पायांवर पाणी घातलं. चुलीच्या खोलीतून त्यांना आत घेतलं. जाता जाता सुनेनं त्या पोट सुटलेल्या भिंतीला शालू लागू नये म्हणून अंग चोरलं, ते मी पाहिलं.

थोड्या वेळानं मालकीण आली. ठेवणीतलं लुगडं, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. कडक गोषा! आवाज ओळखू येऊ नये म्हणून आई बोलतच नव्हती, नुसती मान हलवत होती. माझी आई माझ्या शेजारी आपल्याच घरात तोंड लपवून बसली होती, आणि मला बाहेरून आबांचं मोठ्यानं हसणं ऐकू येत होतं. पुढच्या दारानं आलेले पाटील फरशीची तारीफ करत होते.

पाटलीणबाईंनी मला चालायला लावलं, दोनचार प्रश्न विचारले, हात बघितले. बऱ्या होत्या बोलायला. कुंकू झालं, सुपारी झाली. आता उठतील म्हणून मी श्वास सोडला, तेवढ्यात त्यांनी सुनेकडून एक खण मागून घेतला.

"मघा पायांवर पाणी घाटलं, त्या बाईला बोलवा की," त्या म्हणाल्या. "पाणी घालणारीला खण दिल्याबिगर आमच्यात उठत न्हाईत."

त्यांना कळलं होतं का? मी आयुष्यभर यावर विचार केलाय. कधी वाटतं, त्या खरंच रीत पाळत होत्या. कधी वाटतं, आईच्या नखांतलं हिरवं त्यांनी केव्हाच पाहिलं होतं. पण खण हातात धरून त्या थांबल्या, आणि त्यांचं थांबणं संपेना.

आईनं पदराखालून हात बाहेर काढला आणि खण घेतला.

सुनेनं तोंडाला पदर लावला. पाटलीणबाईंचा चेहरा पडला, एवढं खरं. "बरं, कळवतो," असं म्हणून त्या उठल्या आणि आल्या वाटेनं शेणींमधून गेल्या. लग्नाच्या बोलण्यात कळवतो याचा अर्थ पेठेतल्या कुठल्याही पोरीला माहीत असतो.

आबा आत आले ते हात चोळतच. "जमलं म्हणून समजा! पाटील फरशी सोडून दुसरं बोललंच न्हाईत." आईनं तो खण त्यांच्यापुढं ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. ती रडली नाही. आबांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि ते भिंतीकडं तोंड करून निजले. एवढा मोठा माणूस असा निजलेला बघून मला माझ्या लग्नाचंही काही वाटेनासं झालं. आम्हा तिघांनाही एकमेकांकडं बघवत नव्हतं.

बरेच दिवस गेले. निरोप आला नाहीच. मग एकदा जेवताना आबा खाली बघत म्हणाले, "चुलीची खोली करून टाकू. गवंड्याला सांगतो. एक फरशी कमी घाटली असती तर..."

"चूल नगं," आई म्हणाली. "आधी परड्याचं दार बुजवा."

"अगं, मग पाणी कुटनं आणशील? सरपण?"

"बुजवा म्हणते न्हवं."

गवंडी आला आणि दार बुजलं. दगड आईनंच उचलून दिले. मला वाटलं, तिला आता त्या वाटेनं कुणी यायलाच नको असेल, आणि तिच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या कचेरीतले एक वरचे कारकून नवा सोपा बघायला आले होते. खुर्चीवर बसले, फरशी वाखाणली. मी माजघरात तबक लावत होते. पुढच्या दारात सावली पडली, आणि आई आत आली. डोक्यावर दोन घागरी, लुगडं खोचलेलं, पायांना रस्त्यातला चिखल. ती फरशीच्या मधोमध आली. घागर हिंदकळली आणि पाणी फरशीवर सांडलं.

कारकुनांनी पाय वर घेतले. "बाई नवी ठेवलीया वाटतं?" त्यांनी आबांना विचारलं.

आई थांबली. आत जायला चार पावलं उरली होती, पण ती गेली नाही. आबांनी मान खाली घातली आणि ते काहीतरी पुटपुटले.

"आँ? काय म्हणालासा?" कारकुनांनी कान पुढं केला.

आई घागरी डोक्यावर घेऊन तशीच उभी होती. आबांचे कान लाल झाले होते. शेवटी ते खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि बाहेर रस्त्यावरही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "पोरीची आई हाय माझ्या. मालकीण हाय ह्या घराची." मगच आई आत आली.