तोबरा आणि माझी चार पानं

जबलपूर ही माझी शेवटची पोस्टिंग. मिलिटरी नर्सिंग, हुद्दा मेजर, मानसोपचार वॉर्ड. वय छप्पन्न, अक्कल सोळाची. आता नातवंडांसमोर कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी वॉर्डात व्हीआरचा चष्मा आला. डोळ्यांवर बांधला की समोर घाटरस्ता, कानात इंजिन. जवान त्याला तोबरा म्हणायचे, घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधतात तसा. मी त्याच्यावर लट्टू. पहिल्याच दिवशी स्वतः लावला आणि दरी दिसताच शेजारी उभ्या वॉर्डप्रमुख कर्नलसाहेबांचा हात धरला.

नायक दिलीप ट्रक ड्रायव्हर, अकोल्याकडचा. घाटात त्याचा को-ड्रायव्हर गेला होता. तेव्हापासून झोप नाही. विचारलं की एकच उत्तर, "सब ठीक, मॅडम."

"काहून बसवता मले तोबऱ्यात? गाडी काढून घ्यान माझी."

"अरे, हा इलाज आहे, परीक्षा नाही. माझी जबान."

"पक्की?"

"मेजरची आहे, भैया. पानवाल्याची नाही."

मंगळवार, १०३० वाजता, चौथं सेशन. वळण आलं. दिलीपने हवेतलं स्टिअरिंग घट्ट धरलं.

"बलवंत, उतरू नको! ब्रेक मी धरून राहिलो ना!"

दोन मिनिटं थरथरला. मग रडला. दुपारी जेवून सलग सहा तास झोपला.

मी चार पानं नोट्स लिहिल्या. वळणदार अक्षर, लाल शाईत मथळे. "एक्सलंट, मेजर," कर्नलसाहेब म्हणाले. मी दिवसभर फुगून फिरले.

तीन आठवड्यांनी तीच चार पानं मेडिकल बोर्डापुढे होती. दिलीपची मेडिकल कॅटेगरी उतरली. ड्रायव्हिंग कायमचं बंद.

"सर, ती थेरपी होती. तुम्हीच म्हणालात."

"फॉर्म वाचला नाही, मेजर?"

मथळा होता, असेसमेंट अँड थेरपी. त्याखाली दर सेशनला माझी सही. साहेबांनी मला त्यातला फक्त दुसरा शब्द सांगितला होता. मी दिलीपला तोच सांगितला.

जाताना दिलीपने ट्रंक खाली ठेवून सॅल्यूट केला. कडक, नियमाप्रमाणे.

"खोटं बोललो असतो तं गाडी राहिली असती, मॅडम."

 

नंतर मी ती पानं पुन्हा वाचली. 'को-ड्रायव्हर' सहा वेळा. नाव एकदाही नाही. म्हणून इथे लिहिते. लान्स नायक बलवंत इंगळे. ट्रक मागे सरकू लागला तेव्हा चाकाला दगड लावायला उतरला. मागच्या गाडीत अकरा जवान होते. दगड लागला. ट्रक थांबला. बलवंत चाकाखाली होता.