काकूंच्या घरी भाडेकरू नसत

या देशातले सगळे कायदे आपल्याला वगळून केलेले आहेत, अशी आमच्या चुलत सासूबाईंची ठाम समजूत होती, आणि त्यांच्याशी दोन वाक्यं बोललं की समोरच्याचीही तशीच होई.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. भंडारदऱ्याच्या धरणाजवळ त्यांचं घर. काका गेल्यापासून काकू एकट्याच. सुट्टीत मुंबई-नाशिकचे लोक हवा खायला येत, त्यांना काकू दोन खोल्या द्यायच्या. 'भाड्याने' म्हणायची सोय नव्हती. "भाडं घ्यायला मी काय टांगा हाय?" उंबऱ्यातच पाहुण्याला नातं चिकटायचं. बँकेतल्या एका साहेबांना त्यांनी भाऊ केलं. मग त्यांची बायको आपोआप भावजय, आणि भावजयीने भाकऱ्या थापायला नकोत? शेजारच्या खोलीतलं नवं जोडपं मात्र लेक-जावई, त्यांना तूप आणि पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी साहेब काकुळतीला आले, "आम्हालाही जावईच करा ना!" काकू म्हणाल्या, "नातं काय एश्टीतली शीट हाय, बदलून द्याया?" निघताना प्रत्येकाला पाटावर बसवून त्या ओवाळायच्या. तबकात पडेल ती ओवाळणी. पडेल ती म्हणजे, कमी पडली तर त्या ओवाळतच राहायच्या.

मग मामलेदार कचेरीची नोटीस आली. प्रवाशांना खोल्या देणं हा धंदा. परवाना काढा, नाहीतर खोल्यांना कुलूप. नगरला माझे सासरे खूश झाले. खोल्या बंद पडल्या की काकू नाइलाजाने आमच्या घरी येणार होत्या. "तू बी.ए. आहेस, हा नाद सोड म्हणून तिला समजावून ये," ते मला म्हणाले.

नातवंडांना खरं वाटत नाही, पण त्या काळी मला उंच टाचांच्या चपला होत्या आणि नागरिकशास्त्र येत होतं. राज्यघटना आपल्याच पर्समध्ये आहे अशा थाटात मी एस.टी.तून उतरले आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतले. काकूंनीच उपटून काढलं. ओट्यावर एका पायात चप्पल घालून मी त्यांना अटी सुनावल्या: परवाना हवा, पाहुण्यांची नावं-गावं लिहून ठेवायला हवीत, संडास हवा, भिंतींना चुना हवा.

"चुना लावीन. संडास खांदीन. नावं मला तोंडपाठ हायती. पन परवाना कशापायी? भाऊ घरी आला तर सरकारला इचारू?"

हे ऐकून माझ्यातला वकील जागा झाला. समजवायला आलेली मी, कचेरीचे साहेब तपासणीला आले तेव्हा पुढे होऊन म्हणाले, "कायद्याने हे भाडं नव्हेच. ही ओवाळणी आहे."

"बाई, दर आठवड्याला भाऊ निराळा?"

माझं नागरिकशास्त्र तिथेच आटोपलं. काकू म्हणाल्या, "मला भाऊ लई. तुमच्या पोटात का दुखतंय?"

साहेब हसले, पण हटले नाहीत. परवाना निघेल, मात्र घर मयताच्या नावावर आहे, तेव्हा थोरल्या दिराची संमती आणा. थोरले दीर म्हणजे माझे सासरे. आता काकूंचा आवाज चढला.

"न्हाई आननार. तितं सनावाराला मला मागच्या खोलीत बसवत्यात. तबकाला हात लावू देत न्हाईत, माजा दिवा इझला म्हनत्यात. हितं मी रोज लावते. घाला कुलूप. मी कुलपाम्होरं बसून ववाळीन!"

आपण सासऱ्यांच्या वतीने आलो आहोत हे मला आठवलं, आणि आठवूनही तोंडातून निघालं, "साहेब, घर काकांनी स्वतः बांधलेलं. मूलबाळ नाही. नवऱ्यामागे बायकोच वारस. संमती कशाला?"

साहेबांनी चष्मा पुसला. "मग वारसनोंद करून आणा. आम्हाला काय, कुणाचंही नाव चालतं."

"मला न्हाई चालत," काकू म्हणाल्या. "माजंच पायजे."

नोंद झाली, संडास झाला, परवाना आला. सासरे दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. इतके सुखाचे दिवस मला सासरी पुन्हा मिळाले नाहीत.

दाराला मालकाच्या नावाची पाटी लावायला सांगितली होती, ती मी नगरहून रंगवून नेली. लग्नापासून त्यांना कोणी नावाने हाक मारलेली नव्हती. मलासुद्धा ते कचेरीच्या कागदावरच कळलं होतं. काकूंना वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय गं?"

"चंद्रभागाबाई. मालकीण."

आतून कोणी जावई चहासाठी हाका मारत होता. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"पुन्यांदा वाच."

मी वाचलं. मग त्यांनी पदराने पाटी पुसली. ती कोरी करकरीत होती. पुसण्यासारखं तिच्यावर काहीच नव्हतं.