सरजाबाईचं 'न्हाई'

सरजाबाईचा आवाज म्हणजे आवाज! भीमजयंतीच्या मिरवणुकीत घोषणा तिने द्यायची आणि अख्ख्या वस्तीने उचलायची, हा येलदरी धरणाजवळच्या त्या गावचा रिवाजच. आता असला आवाज पुढाऱ्यांच्या डोळ्यांत भरला नाही, तर ते पुढारी कसले?

तिथल्या आमदारसाहेबांची भाषणाची कला भारी होती. काय केलं ते सांगायचे नाहीत, विचारायचे. "रस्ता झाला का नाही?" आणि कानाला हात लावून थांबायचे. त्यांचा गावातला कार्यकर्ता दिनकरराव सरजाबाईला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवी. ती "झाला!" ओरडली की मागचा मांडव ओरडे. तिलाही मोठेपणा वाटे, खोटं कशाला बोला?

मागच्या सभेत साहेबांनी विचारलं, "वस्तीत नळाला पाणी आलं का नाही?" सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "आलं!" मांडव दणाणला. नळ मात्र कोरडे ठणठणीत. धरण उशाला अन् कोरड घशाला! पुढे तिची सून सुकेशनी पंचायतीत पाण्याचं विचारायला गेली, तर दिनकररावाने तिच्यापुढे मोबाइल धरला. त्यात सासूच ओरडत होती, "आलं!"

सुकेशनी तणतणत घरी आली. "आत्या, आता भांडू कुणाशी? तुमच्याशी?"

सरजाबाईला भाकर गोड लागेना. आपल्याच आवाजाने आपल्याच लेकरांचं पाणी तोडलं, याची तिला शरम वाटली. मग शरमेचा संताप झाला.

यंदाच्या सभेला ती कुणी बोलवायच्या आधीच पहिल्या रांगेत जाऊन बसली. साहेब रंगात आले. "मायबहिणींनो, नळाला पाणी आलं का नाही?" कानाला हात गेला.

सरजाबाई उभी राहिली. "न्हाई!"

रिवाजाप्रमाणे मांडवाने उचललं, "न्हाई!"

साहेब कसलेला गडी. हसून म्हणाले, "बहिणींचा हा राग म्हणजे माझ्यावरची माया! आहे का नाही माया?"

"न्हाई!" पुन्हा तीच पुढे, मागे मांडव.

दिनकरराव तरातरा आला. "सरजाबाई, काय करायलाव? साहेबांची इज्जत घालवायलाव तुमी!"

"आवाज माहा हाय, दिनकरराव. मागचा गावभर दाखवत हिंडलाव नं? आता ह्यो बी दाखवा."

तिच्या मागे सुकेशनीने मोबाइल केव्हाचा वर धरला होता.