पीठ पिशवीत, पोट डब्यात

डबा सरांच्या घरी जेवायला बसलं की लोणचं नेहमी वाटीतून यायचं, कारण बरणी ऑपरेशनला गेलेली असायची.

सर नाचणगावचे सर्जन; ‘डबा सर’ हे आम्ही ठेवलेलं नाव. घरात झाकणाचं काही दिसलं की त्यांना त्यात माणसाचं पोट दिसे. झाकणाला भोकं पाडायची, भोकांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवायचे, आत टॉर्च आणि वर मोबाइल ठेवायचा. झालं, दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या सरावाचं यंत्र तयार. रविवारी आम्ही नवशिके सर्जन वर्ध्याहून त्यांच्या ओसरीत जमायचो आणि लांब दांड्याच्या चिमट्यांनी डब्यातले तुरीचे दाणे एका झाकणातून दुसऱ्यात नेत बसायचो. एवढं शिकून आम्ही तूर निवडत होतो. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा देताना म्हणायच्या, "माह्या घरी पीठ पिशवीत अन् पोट डब्यात!"

दाणे जमले की संत्र्याची फोड. वरचा पापुद्रा सोलायचा, रस सांडता कामा नये. सांडला की सर गंभीर चेहऱ्यानं विचारत, "आता पेशंटच्या घरच्यायले कोण सांगते?" आणि ती फोड स्वतःच खाऊन टाकत. पुराव्याची इतकी चोख विल्हेवाट मी कुठल्याच इस्पितळात पाहिली नाही.

एकदा नागपूरच्या प्रदर्शनात असल्याच सरावाचं परदेशी यंत्र आलं होतं. सरांनी त्याला प्रदक्षिणा घातली आणि विक्रेत्याला अदबीनं विचारलं, "याच्यात संत्र बसते का?" तो म्हणाला, यात सगळं पडद्यावरच दिसतं. सर हळहळले, "मंग पोरं खातीन काय?"

मग सरांच्याच पित्ताशयात खडे निघाले. मुलगा नागपूरच्या मोठ्या सर्जनकडे न्यायला निघाला, तर सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे पोरगी करीन."

"सर, मला नाही जमायचं."

"काऊन? डब्यात जमते नं तुले? अन् मीच नागपूरले पळालो, तं त्या डब्यावर कोण भरोसा ठेवीन?"

मला त्यांचा रागच आला. आपलं म्हणणं खरं करायला हा माणूस स्वतःचं पोट पुढे करणार, आणि काही चुकलं तर काकूंना तोंड मी दाखवायचं!

ऑपरेशन झालं, नीट झालं. दुसऱ्या दिवशी सरांनी पलंगावरूनच त्याचं चित्रण मागवलं. आपलं पोट आतून बघताना ते परीक्षकासारखे मान हलवत होते. एका जागी त्यांनी बोट ठेवलं. "अठी काऊन थांबली होती?"

"शीर कापायची होती, सर. हात पुढे जाईना. आत तुम्ही होतात."

सरांनी चित्रण तिथंच थांबवलं. मग म्हणाले, "हे डब्यात शिकवता येत नाई वो."

आपल्याकडे काढलेले खडे डबीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात. भेटायला येणाऱ्यांना ते दाखवल्याशिवाय ऑपरेशन पुरं होत नाही. काकूंनी डबी उघडून दोन शेजारणींना दाखवलीही होती. सरांनी ती मागून घेतली, खडे तळहातावर फिरवून पाहिले आणि माझ्या हाती दिले. "तुरीपेक्षा बरे हायेत, जास्त घरंगळते. तुह्या डब्यात टाकजो."

पुढे सर गेले ते हृदयविकारानं. त्याचा सराव त्यांनी कुठल्याच डब्यात करून घेतला नव्हता. मी मात्र अजून त्यांच्यावर चिडते, आणि चिडले की रडू येतं.

आता रविवारी नवे डॉक्टर माझ्याकडे येतात आणि ते खडे झाकणातून झाकणात नेतात. परवा डबा आवरताना एक खडा घरंगळत टेबलाखाली गेला. "जाऊ द्या मॅडम," एक नवी डॉक्टर म्हणाली, "त्याच्या जागी तुरीचा दाणा टाकू."

मी गुडघे टेकून टेबलाखाली शिरले, आणि तो सापडेपर्यंत बाहेर आले नाही.