मेथी थापलेलं डोकं

माझ्या डोक्यातल्या कोंड्यानं आईची झोप उडवली होती, माझी नव्हे. नव्वदनंतरची गोष्ट. मी अंथुर्ण्याहून एसटीनं बारामतीच्या कॉलेजात जायचे. एफवाय झालं होतं आणि मला पुढं शिकायचं होतं. एवढंच मागत होते बाई! तर सोमेश्वरनगरचे पाहुणे मला बघायला येणार म्हणून निरोप आला. आमच्याकडं बघायला आलेल्या बायका पोरीची वेणी सोडून बघायच्याच. केस खरे आहेत का, उवा आहेत का, सगळं.

आईनं कंबर कसली. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं न्हाऊ घातलं, आंबट दही चोळलं. पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच भिजवलेली मेथी पाट्यावर वाटून डोक्यावर थापली आणि मला न्हाणीत बसवलं. "हलू नगंस," म्हणाली आणि दारातच बसली. डोक्यावर तो गार गिलावा, नाकात कडवट वास, बाहेर वडील खुर्च्या मांडतायत. मला रडूच कोसळलं.

"आई, मला न्हाय करायचं लगीन. शिकायचंय."

"लगीन झाल्यावर शीक की!"

लग्नानंतर शिकलेली एक तरी बाई आमच्या आळीत दाखवा म्हणावं!

आई चहाचं बघायला उठली तशी मला युक्ती सुचली. मी कसेबसे दोन तांबे ओतले आणि मेथी केसांतच ठेवली. वाळली की तिचे पापुद्रे थेट कोंड्यासारखे दिसतात. वेणीही माझी मीच घातली. म्हटलं, आता बघतेच कशी पसंत करता ते.

मुलाच्या आईनं वेणी सोडली. माझ्या खांद्यावर, पदरावर भुगाच भुगा. आईचं तोंड उतरलं. माझा जीव भांड्यात पडला. बाईंनी एक पापुद्रा चिमटीत धरून चुरडला, हुंगला आणि खुदकन हसल्या.

"मेथी हाय व्हय! आमच्यातबी हेच लावत्यात. आजकालच्या पोरींना नुसता शांपू लागतो. पोरगी वळणाची हाय, आमाला पसंत हाय."

अगं बाई, असं कसं! मी ओरडणार तेवढ्यात कुणीतरी मला सगळ्यांच्या पाया पडायला लावलं. वडील साखर वाटायला लागले.

आत आल्यावर आईनं मला घट्ट कवटाळलं. माझ्या केसांतली मेथी बोटांनी काढत ती रडत होती, हसत होती.

"सुटलो गं बाई एकदाचे," म्हणाली.